करांद्याचा पीळ

हरेश्वरभाऊ निर्मळहून स्कूटर हाकत उमेळ्याला आला, तेव्हा त्याच्या पायाशी कोनफळांची पिशवी होती आणि मागच्या सीटवर रडून रडून थकलेली पोरगी.

विनया म्हात्रेच्या ऑफिसला ऑफिस म्हणणं म्हणजे कॉन्रॅड डाबरेला बारीक म्हणण्यासारखं होतं. बेकरीच्या वरची एक खोली, दोन खुर्च्या, दाराला 'खाजगी तपास' अशी पाटी. नव्वद टक्के काम लग्नाआधीच्या चौकशांचं. कॉन्रॅड खरा फोटोग्राफर, पण नाताळच्या आधीचे चार आठवडे चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. त्यामुळे डिसेंबरात तो रिकामा, आणि रिकामा कॉन्रॅड विनयाच्या ऑफिसात पाव खात बसलेला असायचा.

"बाय, माझ्या पोरीला चोर म्हनतात," हरेश्वरभाऊ दारातूनच म्हणाला. "भर कॉलेजात. आज तीन वाजता सगळ्यांसमोर नाव जाहीर करनार."

"कोण म्हणतं?"

"मुंबईची म्याडम. डॉक्टर हाय ती."

"तुम्ही बसा भाऊ. हिला बोलू द्या."

कॉन्रॅडने पोरीला चहा दिला. तिने कप उजव्या हातात घेतला. डाव्या अंगठ्याला जाडजूड पट्टी होती.

"काय गं, लागलं कशाने?" कॉन्रॅडने विचारलं.

"परवा कोनफळं काढताना खुरपं लागलं."

मुलीचं नाव तेजस्वी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात पाच दिवसांची कार्यशाळा चालू होती, कॉम्प्युटरवर रसायनशास्त्र शिकायची. टेस्ट ट्यूब नाही, वास नाही, सगळं स्क्रीनवर. एका प्रोटीनच्या खोबणीत औषधाचा रेणू बसवायचा, तो किती घट्ट बसला याचा आकडा काढायचा, मग त्याचं असं चित्र बनवायचं की बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. एकोणीस जण, एकोणीस पोस्टरं. ज्याचं सगळ्यात चांगलं, त्याला डॉक्टर विनिता मॅडमच्या मुंबईच्या लॅबमध्ये सहा महिने जागा.

"मी तीन दिवस त्या खोबणीत बसले होते," तेजस्वी म्हणाली. "प्रोटीनसोबत सहाशे पाण्याचे रेणू येतात. मी एकेक बघून काढले. आज सकाळी पोस्टरं लागली तर माझं आणि हर्षवर्धनचं चित्र सेम. फक्त माझं उलटं. आरशात दिसावं तसं."

"मग त्याने तुझं चोरलं असेल," कॉन्रॅड म्हणाला.

"मॅडम म्हणतात, उलटं ज्याचं तो चोर. प्रोटीनची साखळी स्प्रिंगसारखी पीळ घेते काका. तो पीळ उजवा असतो, स्क्रूसारखा. माझ्या पोस्टरवर डावा आहे. म्हणजे कुणाचं तरी चित्र उचललं, ओळखू येऊ नये म्हणून आरशासारखं उलटवलं, आणि तिथेच फसले."

"आनि हे हिला सांगतात," हरेश्वरभाऊ उसळला. "बाय, कोनफळाचा वेल एका बाजूनं चढतो, करांद्याचा उलट्या. पानं सारखीच दिसतात, वेल कुठं वळतो ते बघूनच ओळखायचं. ही पाच वर्सांची असल्यापासून ओळखते."

"पहिल्या दिवशी मॅडमनी दोन चित्रं दाखवली, विचारलं, कुठलं चुकीचं," तेजस्वी खाली बघत म्हणाली. "मीच हात वर केला. म्हटलं, हे उजवं कोनफळ, ते डावं करांदा, तेच चुकीचं. सगळे हसले."

"तुझी मूळ फाईल?"

"गायब. काल जमा केलेल्या चित्रात पीळ उजवाच होता, पण ज्यातून ते काढलं ती फाईल माझ्या मशीनवरून कुणीतरी उडवलीये."

विनयाने घड्याळ बघितलं. पावणेअकरा. "दादा, पाव संपव. निघू या."

*

कॉलेजच्या लॅबमध्ये पोस्टरं भिंतीभर लागली होती. पातळ फ्लेक्सवर छापलेली, टेपने चिकटवलेली. निळ्या-पिवळ्या फितींचे गुंडाळे, मध्ये औषधाचे गोळे. कॉन्रॅडला सगळी एकसारखीच वाटली. दोनच वेगळी. हर्षवर्धनचं आणि तेजस्वीचं. काळ्या पार्श्वभूमीवर झेंडूच्या रंगाचा पीळ, त्याच्या पोटात औषध, आणि औषधाला खेटून एकच लाल ठिपका. एक चित्र दुसऱ्याचं प्रतिबिंब.

विनया एकेका पोस्टरला नाक लावून बघत फिरली. कॉन्रॅड आपला मागे.

"काही पोस्टरांना डाव्या कडेला पांढरी रेघ आहे," ती म्हणाली. "मोज जरा."

"चार," कॉन्रॅडने मोजून सांगितलं. "त्यात त्या हर्षवर्धनचं एक. हिचंही एक. पण काही म्हण बाय, पोरीच्या पोस्टरवरचं अक्षर झकास आहे. बाकीच्यांचं बघ, मुंग्या चालल्यासारखं. हिचं जाड, गोल, पांढऱ्या कडेचं. आपल्या जेसनच्या छपाईच्या दुकानात बड्डेच्या बॅनरला हेच टाकतात."

विनयाने वळून त्याच्याकडे बघितलं. दोन सेकंद, जास्त नाही.

"काय झालं?"

"काही नाही. तू पाव आणलास का सोबत?"

डॉक्टर विनिता खुर्चीतून उठल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं सरळ. "मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. पहिल्या दिवसापासून तीच सगळ्यात हुशार वाटत होती. पण पुरावा पुरावा असतो. हर्षवर्धनकडे फाईल आहे, मी स्वतः उघडून फिरवून बघितली. तिच्याकडे नाही. आणि वर हे."

त्यांनी मोबाइल पुढे केला. सेल्फी होता. दोन मुली, गाल गालाला लावून. डावीकडची तेजस्वी, पट्टी बांधलेला अंगठा वर करून. त्यांच्या मागे तिच्या कॉम्प्युटरची स्क्रीन, पूर्ण स्क्रीनभर तेच झेंडूचं चित्र. अक्षर एकही नाही.

"शुक्रवार, तीन वाजून दहा मिनिटं," मॅडम म्हणाल्या. "पीळ बघा. डावा. प्रोग्राममध्ये रेणू कितीही फिरवा, पिळाची बाजू बदलत नाही. म्हणजे तेव्हाच तिच्याकडे उलटवलेलं चित्र होतं. आणि हर्षवर्धनने गुरुवारीच आपल्या लॅपटॉपवर काम पूर्ण केलं होतं, असं तो म्हणतो."

"हा फोटो तुम्हाला दिला कुणी?"

"रीमाने. त्यातली दुसरी मुलगी."

कॉन्रॅडने मनातल्या मनात रीमाच्या नावाला फुली मारली. मैत्रीण म्हणायचं आणि हे धंदे.

*

रीमा नालासोपाऱ्याची, बडबडी, डोळे सुजलेले. "मी वाचवायला दिला हो फोटो. मला वाटलं, तीनलाच तिचं चित्र तयार होतं हे दिसेल, मॅडम सोडून देतील. उलटंच झालं. आता ती माझ्याशी बोलत नाही."

"तीन दहानंतर तेजस्वी जागेवरून उठली?"

"चहाला गेलो ना आम्ही दोघी. अर्धा तास. मशीन चालूच होती."

"आज सकाळी तू कधी आलीस?"

"पावणेआठला. मला माझ्या भाषणाची प्रॅक्टिस करायची होती. अल्पेशदादाने लॅब उघडून दिली. प्रोजेक्टर लागत नव्हता, तर बिचारा तासभर वायरी काढत-घालत बसला होता."

"आणि तेजस्वी?"

"ती नऊ पस्तीसला. शनिवारी सकाळी भावासोबत फुलं पोचवायला जाते ती."

अल्पेश लॅब असिस्टंट. तिशीचा, शर्ट खोचलेला, घामेजलेला. एसी चालू असताना घामेजलेला, हे कॉन्रॅडनेही टिपलं.

"चित्रं शुक्रवारी पाच वाजता जमा झाली," तो पाठ केल्यासारखा म्हणाला. "मी ती थेट पेन ड्राइव्हवरच घेतली, दुसरी कॉपी नाही. पेन ड्राइव्ह रात्रभर माझ्याकडे कुलपात होता. आज साडेसातला स्टेशनजवळ जेसनकडे गेलो. नऊपर्यंत तिथेच उभा. एकोणीस पोस्टरं घेऊन आलो, लावली."

"नऊपर्यंत तिथेच?"

"तिथेच."

"पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही?"

"नाही ताई. जबाबदारी माझी आहे. उद्या काही झालं तर नोकरी माझी जाईल."

"बरं," विनया म्हणाली, आणि खरंच बरं वाटल्यासारखी हसली.

हर्षवर्धन कँटीनमध्ये होता. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, उंच, नीटनेटका, बोलायला गोड. टेबलावर हेल्मेट.

"मला तिच्याविषयी राग नाही," तो म्हणाला. "प्रेशर असतं. माणूस चुकतो."

"तू आज कधी आलास?"

"साडेनऊला. घरून डायरेक्ट. मी आलो तेव्हा पोस्टरं लागली होती."

"तुझ्या पोस्टरला एक रेघ आलीये रे," विनया हळहळली. "एवढं सुंदर चित्र, आणि कडेला पांढरी रेघ. परत छापून मागव ना."

"चालतं हो. मशीन थंड असली की पहिल्या चार शीटना येते. पाचवीपासून क्लीन."

"हो का? आणि तो लाल ठिपका काय रे? औषधाच्या बाजूचा?"

"कुठला?" त्याने मोबाइलवर चित्र काढून बघितलं. "हां, तो. पाण्याचा रेणू आहे. सुरुवातीला खूप असतात, काढून टाकायचे असतात. एक राहिला असेल चुकून."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," विनया उठत म्हणाली.

बाहेर आल्यावर कॉन्रॅडने सुस्कारा सोडला. "पोरगा साधा वाटतो बाय. मला तर तो अल्पेश..."

"अल्पेश खोटं बोलला, बरोबर. पण खोटं बोलणारा आणि चोर, एकच कशाला असायला पाहिजे?" ती दोन पावलं गेली आणि थांबली. "दादा, तुझी जेसनशी ओळख आहे ना? त्याला फोन लाव. मी बोलते."

फोनवर ती चार वाक्यं बोलली. कॉन्रॅडला त्यातलं एकही ऐकू आलं नाही, कारण बाजूला कँटीनवाला मिक्सर लावून बसला होता.

*

पावणेतीनला विनयाने सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं. डॉक्टर विनिता समोर, रीमा एका कोपऱ्यात, तेजस्वी दुसऱ्या. हरेश्वरभाऊ दाराशी चपला काढून उभा. अल्पेश एसीखाली. हर्षवर्धन हेल्मेट मांडीवर घेऊन.

"मॅडम, तो सेल्फी मोठ्या पडद्यावर लावता?"

पडद्यावर दोन गाल, एक अंगठा.

"तेजस्वी, रीमा, इकडे या. होतात तशा बसा. भांडण नंतर."

दोघी नाइलाजाने खुर्च्यांवर बसल्या. तेजस्वीने अंगठा वर केला. पट्टीवाला. डावा.

"दादा," विनया म्हणाली, "तू तीस वर्षं फोटो काढतोस. पडद्यावर कुठला अंगठा आहे?"

कॉन्रॅडने पडद्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग परत पडद्याकडे. "उजवा," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे देवा. पुढचा कॅमेरा."

"पट्टी डाव्या अंगठ्याला, गुरुवारपासून. फोटोत उजव्या. काही मोबाइल सेल्फी आरशासारखाच ठेवतात. फोटोत एकही अक्षर असतं तर पहिल्या क्षणी कळलं असतं. अक्षर नव्हतं, म्हणून सगळे फक्त पीळ बघत बसले. आख्खा फोटोच उलटा आहे मॅडम. म्हणजे शुक्रवारी तीन दहाला तिच्या स्क्रीनवरचा पीळ..."

"उजवा होता," डॉक्टर विनिता सावकाश म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती नंतर उलटवू शकते की," हर्षवर्धन म्हणाला. "पाचच्या आत."

"शकते. म्हणून मी बघितलं, उलटवलं कुठे. चित्र उलटवलं की त्यावरची अक्षरंही उलटी होतात. ती पुसून नव्याने टाकावी लागतात. अठरा पोस्टरांवर लॅबच्या मशीनमधलं बारीक अक्षर आहे. तेजस्वीच्या एकट्या पोस्टरवर जाड, गोल, पांढऱ्या कडेचं. वाढदिवसाच्या बॅनरचं. हे अक्षर या लॅबमध्ये नाही, जेसनच्या दुकानात आहे. हे मला दादाने सांगितलं."

"मी?" कॉन्रॅड म्हणाला. "मी तर आपलं सहज..."

"सहजच सांगितलंस. म्हणजे चित्र उलटवलं ते आज सकाळी, छपाईच्या दुकानात. साडेसात ते नऊच्या मध्ये. तेव्हा तेजस्वी भावासोबत फुलांच्या टोपल्या उतरवत होती. मग दुकानात होतं कोण? अल्पेश म्हणतो, तो. पण रीमा म्हणते, पावणेआठपासून तासभर अल्पेश इथे प्रोजेक्टरशी मारामारी करत होता."

अल्पेशने डोळे मिटले. "ताई, मी निघणारच होतो. रीमा आली, प्रोजेक्टर बंद. वायर आणायला बाहेर गेलो तर हा भेटला. म्हणाला, मी बाइकवर आहे, मी टाकून येतो दुकानात, तू इथलं बघ. नऊला गेटवर आणूनही दिली पोस्टरं. म्हणाला, कुणाला सांगू नको, तुझ्यावरच येईल."

"हा कोण?"

अल्पेशने हेल्मेटकडे बोट केलं.

"काहीही," हर्षवर्धन म्हणाला. आवाज मात्र गोड राहिला नव्हता. "मी साडेनऊला आलो."

"तू मला सांगितलंस, मशीन थंड असली की पहिल्या चार शीटना रेघ येते. दादाने मोजल्या, चारच आहेत. पण पोस्टरं भिंतीवर वाट्टेल तशी लागली आहेत. पहिली चार कुठली, पाचवं कुठलं, हे मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसालाच माहीत. जेसनला मी फोन केला. तो म्हणाला, एक उंच मुलगा आला होता, मॅडमनी सांगितलंय म्हणून एक चित्र उलटवून घेतलं, नावं परत टाकून घेतली, पेन ड्राइव्हवरही तेच चढवून घेतलं. आता तोही येतोय, दुकान पोराकडे सोपवून."

हर्षवर्धनचं लक्ष दाराकडे गेलं.

"तुला माहीत होतं, मॅडम पीळ बघणार," विनया म्हणाली. "पहिल्या दिवशी शिकलास ना, करांदा आणि कोनफळ. शुक्रवारी चहाच्या वेळी तिची फाईल घेतलीस, तिची उडवलीस. पण दोन सारखी चित्रं लागली असती तर प्रश्न आला असता, कुणी कुणाचं घेतलं. मग तूच उत्तर छापून आणलंस. फक्त एक विसरलास. इथल्या एकोणीस जणांत पिळाची चूक जन्मात न करणारी एकच होती, आणि नेमकी तीच चूक तू तिच्या नावावर टाकलीस."

"हे सगळं छपाईबद्दल झालं," हर्षवर्धन म्हणाला. "चित्र माझंच आहे. फाईल माझ्याकडे आहे."

"मग तो लाल ठिपका काय?"

"सांगितलं ना. चुकून राहिलेलं पाणी."

विनयाने तेजस्वीकडे मान वळवली. "तुझ्याकडे काय आहे?"

"चुकून नाही," तेजस्वी म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, सगळं पाणी काढा. मी एकेक काढत गेले. हा एक काढला की औषध खोबणीतून सुटत होतं. ते सरळ प्रोटीनला धरत नाही, मध्ये या पाण्याला धरतं. म्हणून ठेवला. तुम्हाला विचारणार होते, पण तुम्ही काढा म्हणाला होतात, म्हणून घाबरले."

डॉक्टर विनिता कॉम्प्युटरकडे गेल्या. हर्षवर्धनने दिलेली फाईल उघडली. आकडा आला. उणे नऊ पूर्णांक चार. जितका उणे, तितकं घट्ट. त्यांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, तो पुसला, हिशेब परत लावला. दोन मिनिटं सगळे पडद्याकडे बघत राहिले. हरेश्वरभाऊ तर असा बघत होता, जणू मोटर लागली की पाटात पाणी येतं का ते बघतोय.

उणे सहा पूर्णांक एक.

"ज्याने हे केलं, त्याला हे माहीत असणारच," मॅडम म्हणाल्या. "मलाही नव्हतं." मग त्या हर्षवर्धनकडे वळल्या. "तुझा आकडा किती येत होता रे, स्वतःचा?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळू लागला. "साडेपाचच्या पुढे जात नव्हता. चार दिवस. सगळं बरोबर करत होतो. तुम्ही सांगितलं तसं सगळं पाणी काढून."

तो उठला, भिंतीवरचं आपलं पोस्टर स्वतःच काढलं, गुंडाळलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून गेला. जाताना अल्पेशकडे बघितलं नाही.

"तीन वाजले," डॉक्टर विनिता म्हणाल्या. "लॅबच्या जागेसाठी मला एकच नाव वाचायचं आहे, ते कुठलं हे आता तुम्हाला कळलंय. तेजस्वी, सकाळी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. आता सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं. जेसन येतोय ना? त्याच्याकडून तुझं पोस्टर नीट छापून घेऊ. ते उलटं काढून टाका."

"थांबा मॅडम," तेजस्वी म्हणाली.

तिने भिंतीवरून आपलं पोस्टर सोडवलं. एका हाताने जमेना. रीमा खुर्चीतून उठली, तिने दुसरी कड धरली. दोघींनी ते पश्चिमेच्या मोठ्या खिडकीशी नेलं आणि छापलेली बाजू बाहेर करून काचेला लावलं. रीमाने दाताने टेप तोडून चारी कोपऱ्यांना चिकटवला.

दुपारचं ऊन पातळ फ्लेक्समधून आत आलं. झेंडूचा पीळ पेटल्यासारखा दिसायला लागला. कॉन्रॅडने बोटाने हवेत वळण घेऊन बघितलं. खालून डावीकडून वर उजवीकडे. स्क्रूसारखा. उजवा.

उलटी झाली होती ती फक्त जाड, गोल, पांढऱ्या कडेची अक्षरं.

हरेश्वरभाऊ चपला हातात घेऊनच आत आला. खिडकीसमोर उभा राहून त्याने चित्र खालपासून वरपर्यंत बघितलं, शेतात वेल बघतो तसं.

"कोनफळ," तो म्हणाला.